विसाव्याची पुस्तके

मनुष्य ज्ञानासाठी वाचतो, परीक्षेसाठी वाचतो, प्रतिष्ठेसाठीही वाचतो. परंतु त्याच्या आयुष्यात असे काही दिवस येतात की, त्या दिवसांत यांपैकी एकाही हेतूने त्याचा हात पुस्तकाकडे वळत नाही, आणि तरीही त्याला पुस्तक हवे असते. घरात दीर्घ आजारपण असते, नोकरीचा भरवसा उरलेला नसतो, कुणी जवळचे माणूस नुकतेच गेलेले असते, किंवा असे काहीच न घडता मन नुसते थकून गेलेले असते. अशा वेळी ग्रंथालयाच्या देवघेवीच्या खिडकीशी उभा राहून जो वाचक ‘काहीतरी हलके, मन रमेल असे द्या’ म्हणतो, त्याची मागणी ही साऱ्या वाचनव्यवहारातील अत्यंत गंभीर मागणी होय, असे मी मानतो. कारण ती पुरी करताना चूक झाली तर त्या वाचकाची रात्र अधिकच जड होते. मराठीत अशा विसाव्याच्या पुस्तकांचा संचय कोणता, तो कसकसा साठत गेला आणि कोणत्या थकव्याला त्यातले काय लागू पडते, याचा येथे आढावा घ्यावयाचा आहे.

मराठी वाचक ही मागणी बहुधा संकोचाने करतो, आणि त्या संकोचाला इतिहास आहे. ना. सी. फडके यांनी कलेचे प्रयोजन आनंद हेच होय अशी बाजू मांडली, वि. स. खांडेकरांनी कला जीवनासाठी असते असा पक्ष घेतला, आणि त्या दीर्घ वादाच्या ओघात ‘पलायनवाद’ हा आरोप रंजनपर पुस्तकांच्या नावावर जणू कायमचा दाखल होऊन बसला. पुढे वादाचे मुद्दे मागे पडले, वादी-प्रतिवादीही गेले, परंतु आरोप राहिला. आणि त्याबरोबर हा समजही राहिला की, मन रमवणारे पुस्तक म्हणजे ज्यात दुःख नाही, दारिद्र्य नाही, मृत्यू नाही असे पुस्तक. मला हा समजच मुळात चुकीचा वाटतो. जी पुस्तके पिढ्यान्‌पिढ्या मराठी माणसांना विसावा देत आली ती उघडून पाहावीत, त्यांत दुःख जागोजाग आढळेल. मात्र ते दुःख सांगणारा आवाज स्थिर असतो, ज्या जगात ते घडते त्या जगाला काही एक रीत असते, आणि वाचकाला तेथे परके वाटू दिले जात नाही. उलट ज्या पुस्तकांनी दुःखाला उंबऱ्याबाहेरच ठेवले, तीच सर्वांत लवकर शिळी झाली.

या विचाराची पहिली साक्ष छापखान्याच्याही आधीची आहे. पंढरपूरच्या परिसरातील नाझऱ्याच्या श्रीधराने १७०२ मध्ये ‘हरिविजय’ आणि १७१२ मध्ये ‘पांडवप्रताप’ पूर्ण केला, आणि त्यानंतर दोन शतकांहून अधिक काळ महाराष्ट्रातील घराघरांत, विशेषतः चातुर्मासात, दुपारची कामे आटोपून बसलेल्या बायकांना या पोथ्यांनी जो विसावा दिला त्याचा हिशेब कोणत्याही दफ्तरात सापडणार नाही. वाचणारे एक जण असे, ऐकणाऱ्या दहा जणी असत. ओवी सोपी, कथा आधीच ठाऊक असलेली, अध्यायाच्या शेवटी थांबण्याची जागा नेमून दिलेली. वनवास, द्यूत, अभिमन्यूचा वध हे सारे त्यात आहे आणि ते ऐकताना डोळे भरून येत, परंतु श्रोत्यांपैकी कुणालाही पुढे काय होईल याची धास्ती नसे. ठाऊक असलेली गोष्ट पुन्हा ऐकण्यात जी शांती आहे तिला आपल्या समीक्षेने फारसे महत्त्व दिलेले नाही. आजही जो वाचक थकल्यावर नवे पुस्तक न मागता दहादा वाचलेले पुस्तकच काढून बसतो, तो श्रीधराच्या श्रोत्यांच्याच परंपरेतला होय.

छापील पुस्तकांचा काळ सुरू झाल्यावर रंजनाची पहिली मोठी लाट अद्भुताची आली. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी मराठीत आणण्याचा उपक्रम आरंभिला; १८६१ मध्ये लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची ‘मुक्तामाला’ आली, त्यानंतर काही वर्षांनी नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’. या कादंबऱ्यांतील राजपुत्र, विरह, तळघरे आणि योगायोग यांची पुढे पुष्कळ टिंगल झाली. आजच्या वाचकाला त्या विसाव्यासाठी द्याव्यात असे मी म्हणणार नाही, त्यांची भाषाच आता वाट अडवते. त्यांपेक्षा विचार करण्याजोगी घटना आहे ती १८९० ची. त्या वर्षी हरि नारायण आपट्यांनी ‘करमणूक’ हे साप्ताहिक काढले, आणि कुटुंबातील सर्वांनी मिळून वाचावे अशा त्या पत्रातच ‘पण लक्षात कोण घेतो?’ या कादंबरीतील यमूची कहाणी आठवड्यामागून आठवडे छापली गेली. मराठी घरांनी रंजनासाठी घेतलेल्या कागदातून एका बालविधवेचे दुःख आत आले आणि घरांनी ते वाचले. रंजन आणि जीवन यांच्यामध्ये भिंत आहे असे मानणाऱ्यांनी या एका उदाहरणाचा नीट विचार करावयास हवा होता.

नाथमाधवांच्या बाबतीत थोडे थांबले पाहिजे. द्वारकानाथ माधव पितळे हे त्यांचे पूर्ण नाव. जन्म १८८२ चा. तारुण्यात त्यांना शिकारीचा नाद होता, आणि शिकारीसाठीच सिंहगडावर गेले असता एका कड्यावरून ते खाली कोसळले व कमरेखालचे त्यांचे अंग कायमचे लुळे पडले. रुग्णालयाच्या खाटेवर पडल्या पडल्या त्यांनी अफाट वाचले आणि त्या वाचनातूनच ते लेखक झाले. १९१३ मध्ये त्यांची ‘वीरधवल’ प्रसिद्ध झाली; तिच्यातील साहसांनी, घोडदौडींनी आणि कपटजालांनी महाराष्ट्रातील मुलांच्या निदान तीन पिढ्या जाग्या ठेवल्या. पुढे शिवकालावरची कादंबरीमालिकाही त्यांनी लिहिली, आणि १९२८ मध्ये ते निवर्तले. ज्याला स्वतःच्या पायांवर उभे राहता येत नव्हते त्या माणसाने मराठी वाचकांना डोंगरदऱ्यांतून पळवले, ही गोष्ट मला मराठी वाङ्मयाच्या इतिहासातील फार मोठी गोष्ट वाटते. त्यांच्या कल्पनेला पलायन म्हणणाऱ्याने आधी हे सांगावे की, त्या खाटेवर पडून राहण्याहून अधिक वास्तव असे दुसरे काय त्यांनी पत्करावयास हवे होते. आजारी मुलाला, विशेषतः जे मूल महिनोन्‌महिने बिछान्याला खिळले आहे त्याला, ‘वीरधवल’ द्यावी असे मी आग्रहाने सांगेन. भाषा जुनी आहे, तेव्हा ती कुणीतरी वाचून दाखवलेली बरी.

नाथमाधवांनंतर रंजनाचा प्रवाह वाचनालयांच्या फळ्यांवरून कामगारवस्तीत आणि कारकुनांच्या खोल्यांत शिरला तो रहस्यकथांच्या रूपाने. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. काळा पहाड आणि झुंजार हे त्यांचे नायक कायद्याच्या चौकटीबाहेर राहून न्याय करणारे, तर धनंजय हा छोटूला बरोबर घेऊन गुन्ह्याचा माग काढणारा गुप्तहेर. वाङ्मयीन गुणांच्या मापाने या पुस्तकांना काय गुण पडतील हा प्रश्न येथे गौण आहे. दिवसभर साहेबाचा हुकूम झेलून आलेल्या माणसाला रात्री असे जग हवे असे की, ज्यात अन्याय झाला तर पुस्तक मिटण्यापूर्वी त्याचा निकाल लागतो. खऱ्या कचेऱ्यांत अर्ज वर्षानुवर्षे पडून राहतात. येथे अपराधी शेवटच्या पानापूर्वी हाती लागतो. चिंतेने, म्हणजे अनिश्चिततेने, ज्याचे मन पोखरले आहे त्याला रहस्यकथेइतके गुणकारी दुसरे काही नाही, कारण तिच्यात अनिश्चितता ठरावीक मुदतीची असते.

भयकथेचे कार्यही असेच चालते, हे पुष्कळांना पटत नाही. नारायण धारपांच्या ‘समर्थ’ मालिकेत अमंगळ शक्ती माणसांना घेरतात, वाचकाच्या अंगावर काटा उभा राहतो. परंतु समर्थ येणार आहेत हे वाचकाला ठाऊक असते, आणि ते येतात तेव्हा भयाला एक सीमा पडते. आयुष्यातल्या भयाला बहुधा नाव नसते आणि आकारही नसतो. धारप त्याला दोन्ही देतात. तरीही ही पुस्तके सरसकट कुणाला सुचवू नयेत. निद्रानाशाने त्रासलेल्याला तर नकोतच. धारपांच्या ज्या कथांत समर्थ नाहीत त्यांचा शेवट पुष्कळदा अंधारातच होतो, आणि त्या थकलेल्या मनासाठी लिहिलेल्या नाहीत.

फडक्यांविषयी थोडक्यात सांगितले पाहिजे. ‘जादूगार’, ‘दौलत’, ‘अटकेपार’ या कादंबऱ्यांनी १९३० च्या आगेमागे सुशिक्षित तरुणवर्गावर जी मोहिनी घातली ती असाधारण होती. रचना बांधेसूद, भाषा स्वच्छ, नायक-नायिका देखण्या. त्यांच्या स्वतःच्या काळात पळून जाण्यासाठी याहून सुंदर जागा नव्हती. आज मात्र त्या पुस्तकांत मन ठरत नाही. तेथील माणसांना काही लागत नाही, त्यांची दुःखेही नेटकी असतात, आणि खरोखर व्यथित झालेला वाचक त्या दिवाणखान्यात शिरला की त्याला आपण तेथे आगंतुक आहोत असे वाटू लागते. फडक्यांचे कौशल्य मी कमी लेखीत नाही. परंतु विसाव्याचे म्हणून त्यांचे पुस्तक आज मी कुणाच्या हाती ठेवणार नाही.

त्याच सुमारास बडोद्यात एक पाली भाषेचे अध्यापक, जे पुढे संस्थानच्या दफ्तरखात्याचे अधिकारी झाले, ते एका कारकुनाच्या संसाराच्या कथा लिहीत होते. चिं. वि. जोशी यांचे चिमणराव, त्यांची पत्नी काऊ, मोरू, मैना, राघू ही मुले, आणि सोटा घेऊन कोणत्याही प्रसंगात उडी घेणारा गुंड्याभाऊ, हे कुटुंब मराठीत अवतरले आणि आजतागायत ते म्हातारे झालेले नाही. ‘चिमणरावांचे चऱ्हाट’, ‘एरंडाचे गुऱ्हाळ’ आणि त्यापुढील पुस्तके उघडून पाहिली तर त्यांत काय आहे? तुटपुंजा पगार, लग्नाला आलेली बहीण, आजारपण, वैद्य, भाडेकरूंची भांडणे, फसलेल्या तजविजी. ज्या गोष्टींनी मध्यमवर्गीय माणूस खचतो त्या साऱ्या येथे आहेत, आणि तरीही त्या घरात शिरताना वाचकाला हायसे वाटते. याचे कारण, माझ्या मते, लेखकाच्या दृष्टीत आहे. चिं. वि. बुद्धचरित्राचे आणि जातककथांचे अभ्यासक होते. माणसाच्या तृष्णेकडे आणि फजितीकडे पाहताना त्यांना तुच्छता सुचतच नाही. चिमणरावाला ते हसतात तेव्हा चिमणरावही आपल्याबरोबर हसतो आहे असे वाटते. १९७९ च्या सुमारास दूरदर्शनवर या कथांची मालिका झाली आणि दिलीप प्रभावळकर व बाळ कर्वे यांच्या चेहऱ्यांनी ती पात्रे पुढल्या पिढीच्या स्मरणात बसली, ही गोष्ट चांगलीच झाली. परंतु मूळ पुस्तकांतील निवेदनाचा संथ सूर पडद्यावर येणे शक्य नव्हते, आणि खरा विसावा त्या सुरातच आहे. पैशाच्या विवंचनेत असलेल्या वाचकासाठी माझी पहिली शिफारस चिं. वि. जोशी यांचीच राहील.

पु. ल. देशपांडे यांचे नाव या संदर्भात सर्वांच्या ओठांवर येते, आणि ते यावे हे योग्यच आहे. ‘बटाट्याची चाळ’, ‘व्यक्ती आणि वल्ली’, ‘असा मी असामी’, ‘अपूर्वाई’ ही पुस्तके मराठी घरांतील औषधाच्या पेटीसारखी आहेत; कधी लागतील याचा नेम नसतो म्हणून ती हाताशी ठेवलेली असतात. परंतु पु. लं.ची केवळ विनोदी लेखक म्हणून शिफारस करणारे त्यांचे अर्धेच पुस्तक देतात. ‘व्यक्ती आणि वल्ली’तील अंतू बर्वा हा रत्नागिरीच्या एका आळीत एकाकी पडलेला म्हातारा आहे, त्याच्या प्रत्येक तिरकस वाक्यामागे मुंबईला असलेल्या मुलाची अनुपस्थिती आहे, नंदा प्रधानच्या कथेत तर हसू जवळजवळ नाहीच. चाळीचे पुस्तकही संपते ते एका चिंतनाने, जेथे चाळ स्वतःच आपल्या जुन्या दिवसांकडे पाहते. हे दुःख तेथे नसते तर ती पुस्तके चार वेळा वाचून संपली असती. ज्या वाचकाला पु. लं.ची सारी प्रसिद्ध पुस्तके पाठ झाली आहेत, त्याने ‘काय वाट्टेल ते होईल’ हा अनुवाद शोधून काढावा. जॉर्जिया या देशातून अमेरिकेत आलेल्या, इंग्रजीचा गंध नसलेल्या एका निर्वासिताची ही आत्मकथा. जॉर्ज आणि हेलन पापाश्विली या दांपत्याने ती मूळ इंग्रजीत लिहिली. परक्या देशात फसवला गेलेला, काम गमावलेला हा माणूस माणसांवरचा विश्वास मात्र गमावीत नाही. पोटासाठी घरापासून दूर जाऊन राहिलेल्या मराठी माणसाला, मग तो दुबईत असो वा न्यू जर्सीत, हे पुस्तक जवळचे वाटावे अशी माझी खात्री आहे.

द. मा. मिरासदारांचे ग्रामीण कथाविश्व या मालिकेत पुढचे. व्यंकटेश माडगूळकर आणि शंकर पाटील यांच्यासह त्यांनी कथाकथनाचे कार्यक्रम गावोगाव केले, आणि त्यामुळे या कथा कानाने ऐकण्यासाठीच जन्मल्या असाव्यात असे त्यांचे रूप आहे. ‘व्यंकूची शिकवणी’ किंवा ‘माझ्या बापाची पेंड’ एकट्याने मनात वाचण्यापेक्षा चार माणसांत मोठ्याने वाचावी. रुग्णाच्या खोलीत तर अवश्य.

हसण्याची शक्तीच ज्यांच्यात उरलेली नाही, त्यांचे काय करावे? ज्याच्या घरात मृत्यू नुकताच येऊन गेला आहे त्याला विनोदी पुस्तक देणे ही निष्ठुरता होऊ शकते. अशा माणसाला माणसांच्या गर्दीतून बाहेर नेणारे पुस्तक लागते, आणि सुदैवाने मराठीत रानावनाचे वाङ्मय समृद्ध आहे. गो. नी. दांडेकरांची ‘माचीवरला बुधा’ ही छोटी कादंबरी मी येथे सर्वांत वर ठेवीन. मुंबईत आयुष्य घालवलेला बुधा उतारवयात राजमाचीवर आपल्या मूळ जागी परततो, पडक्या जागी खोपट उभारतो, आणि झाडे, पाखरे, एक कुत्रा यांच्या सोबतीने राहू लागतो. कथानक म्हणून याहून अधिक काही नाही. पाऊस येतो, जातो, गवत वाढते, सुकते. शहरातून मुलगा न्यायला आला तरी बुधाचे मन तेथून हलत नाही, आणि अखेर बुधाचा अंतही होतो. मृत्यू येथे कुणाचा सूड म्हणून येत नाही, तो ऋतूंच्या क्रमात येतो, म्हणून शोकाकुल वाचकाला तो सोसवतो. दांडेकरांची ‘पडघवली’ हीदेखील थोर कादंबरी आहे, पण एका कोकणी गावाचा ऱ्हास तिच्यात असा जिव्हारी लागणारा आहे की, ज्यांचे कोकणातले घर नुकतेच बंद पडले आहे त्यांनी ती त्या वर्षी वाचू नये.

दुर्गा भागवतांचे ‘ऋतुचक्र’ १९५६ चे. बारा महिन्यांवरचे हे लेख एका बैठकीत वाचून काढण्याचे नव्हेत. ज्या महिन्यात आपण असू त्या महिन्याचे प्रकरण काढावे आणि तेवढेच वाचावे. पुढल्या महिन्याचे प्रकरण पुस्तकात वाट पाहत असते, आणि ज्याला पुढला महिना उजाडेल असे वाटत नाही त्याच्या दृष्टीने ही लहान बाब नाही. व्यंकटेश माडगूळकरांचे ‘नागझिरा’ हे पूर्व विदर्भातील त्या अरण्यातल्या मुक्कामाचे वर्णन. वाक्ये आखूड, अलंकार जवळजवळ नाहीत, आणि पाणवठ्यावर बसून वाट पाहण्याचा जो संयम लेखकाजवळ आहे तो वाचकाच्या अंगी हळूहळू मुरतो. वनखात्यात आयुष्य वेचलेल्या मारुती चितमपल्लींची ‘पक्षी जाय दिगंतरा’, ‘रानवाटा’ ही पुस्तके यांच्याच शेजारी ठेवावीत. त्यांत माहिती अधिक आहे, लोककथांचा अंश आहे, आणि वनाधिकाऱ्याच्या नोकरीतली शिस्तही आहे. माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’चे नाव अनेक जण या यादीत घालतात. तिचा पूर्वार्ध खरोखर विसाव्याचा आहे. परंतु अखेरीस दुष्काळ पडतो, वाडी ओस पडते, आणि वाचकाला मास्तराबरोबर रिकाम्या वाडीकडे पाठ फिरवून निघावे लागते. हे आधी सांगून मगच ती द्यावी.

बालपणाकडे परतण्याची वाट ही विसाव्याची आणखी एक वाट. ना. धों. ताम्हनकरांचा ‘गोट्या’, भा. रा. भागवतांचा फुरसुंगीहून पुण्याला शिकायला आलेला बनेश ऊर्फ फास्टर फेणे, आणि १९५२ पासून मराठीत येऊ लागलेल्या ‘चांदोबा’तील विक्रम-वेताळ ही नावे प्रौढ वाचकाच्या तोंडून निघतात तेव्हा त्याचा चेहरा बदलतो, हे कुणीही पाहून घ्यावे. शांता शेळके यांनी ‘चौघीजणी’ या नावाने अनुवादिलेली लुइझा मे अल्कॉट यांची कादंबरी अनेक मराठी स्त्रियांनी वयाच्या बाराव्या वर्षी वाचली आणि चाळिसाव्या वर्षी पुन्हा वाचली. राम पटवर्धनांचा ‘पाडस’ हा अनुवाद मात्र सावधपणे द्यावा; त्याची भाषा अप्रतिम आहे, पण शेवटी त्यातल्या मुलावर येणारा प्रसंग प्रौढांनाही सहज पेलत नाही.

या साऱ्यांत माझ्या मनात विशेष स्थान आहे ते प्रकाश नारायण संतांच्या लंपनला. ‘वनवास’, ‘शारदा संगीत’, ‘पंखा’ आणि ‘झुंबर’ ही चार पुस्तके. बेळगावच्या परिसरात, आई-वडिलांपासून दूर, आजी-आजोबांजवळ वाढणारा एक मुलगा ती स्वतः सांगतो. कानडीचा शेजार लाभलेली त्याची मराठी, त्याचे स्वतःचे शब्द, सुमी नावाची मैत्रीण, तळी, रेल्वे, गाणी, आणि रात्री पांघरुणात येणारी आईची आठवण. ही पुस्तके नुसती गोड आहेत असे म्हणणाऱ्याने ती नीट वाचलेली नाहीत. लंपनच्या वाट्याला वियोग पहिल्या पानापासून आहे, आणि चौथ्या पुस्तकात पितृवियोगही येतो. तरीही आजीच्या घरातल्या त्या व्यवस्थेवर, तेथल्या जेवणाच्या वेळांवर आणि दटावणीवर वाचकाचा असा भरवसा बसतो की, त्या घराचे दार उघडे आहे असे त्याला पुस्तक मिटल्यावरही वाटत राहते. सीमाभागातून पुणे-मुंबईला किंवा परदेशी गेलेल्या वाचकांना तर या पुस्तकांनी हरवलेली एक बोलीच परत दिली.

लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ विसाव्याच्या पुस्तकांत घालणे काहींना धाडसाचे वाटेल. पतीचे धर्मांतर, त्यामुळे झालेली ताटातूट, प्लेगचा काळ, दारिद्र्य. एखाद्या शोकात्म कादंबरीला पुरून उरेल असे हे आयुष्य. परंतु औपचारिक शिक्षण न लाभलेल्या या बाईने ते अशा मोकळ्या, खोडकर आणि निर्वैर भाषेत सांगितले आहे की, पान उलटताना तिच्याजवळ बसल्याचा भास होतो. पती टिळकांचा लहरी स्वभाव, सोवळ्याने झपाटलेले वडील, स्वतःचा भाबडेपणा, या कशाचाच तिने जमाखर्च मांडलेला नाही. अपमानाने किंवा घरातल्या कलहाने दुखावलेल्या माणसाने हे पुस्तक वाचावे. दुसऱ्या कोणत्याही मराठी पुस्तकात क्षमा इतक्या सहजपणे वावरताना मला दिसलेली नाही.

याउलट काही उत्तम पुस्तके सांत्वनासाठी म्हणून पुढे केली जातात, ती जरा बाजूला ठेवलेली बरी. ‘श्यामची आई’ साने गुरुजींनी नाशिकच्या कारागृहात १९३३ मध्ये अवघ्या काही दिवसांत लिहिली. तिचे माहात्म्य निर्विवाद आहे, पण नुकत्याच आई गेलेल्या मुलाला ती देऊ नये. वीणा गवाणकरांचे ‘एक होता कार्व्हर’ उमेद देणारे पुस्तक आहे; मात्र उमेद ही विसाव्यानंतरची पायरी होय, आणि पार थकलेल्या माणसाला दुसऱ्याचा पराक्रम कधी कधी ओझ्यासारखा होतो. जयंत नारळीकरांच्या ‘यक्षांची देणगी’सारख्या विज्ञानकथा मात्र, ज्यांना माणसांच्या भावनांचाच कंटाळा आला आहे अशा वाचकांना मानवतात, आकाशाच्या मापाने पाहिले की कचेरीतला कलह लहान दिसतो.

पुस्तके आहेत, पण ती हव्या त्या माणसापर्यंत पोचण्याची तजवीज तोकडी आहे. जुन्या रहस्यकथा फुटकळ स्वरूपात मिळतात, चिं. वि. जोशी यांची सर्व पुस्तके एका ठिकाणी मिळणे दुरापास्त, आणि मोठ्या टाइपात छापलेली मराठी पुस्तके तर वृद्धांना शोधूनही सापडत नाहीत. वास्तविक विसाव्याच्या वाचनाची सर्वाधिक गरज त्यांनाच असते. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’ या उपक्रमात पुस्तकांच्या पेट्या घरोघर, कारागृहांत आणि परदेशातील मराठी मंडळींकडेही फिरतात. महाबळेश्वर-पाचगणीच्या वाटेवरील भिलार येथे २०१७ पासून घराघरांत पुस्तके मांडलेली आहेत. अशी पेटी प्रत्येक मोठ्या रुग्णालयाच्या प्रतीक्षागृहात असावयास हवी. शस्त्रक्रियागृहाच्या दाराबाहेर सहा-सहा तास बसणाऱ्या नातेवाइकांजवळ आज भ्रमणध्वनीखेरीज काही नसते, आणि त्यावर येणाऱ्या बातम्या त्यांची घालमेल वाढवतात.

अशा पेटीत काय ठेवावे हे ठरवताना आकाराचाही विचार करावा. बाहेर बसलेल्या माणसाचे लक्ष एका वेळी वीस मिनिटांपलीकडे टिकत नाही, म्हणून कादंबऱ्यांपेक्षा कथा, व्यक्तिचित्रे आणि छोटे लेख यांना अग्रक्रम द्यावा: चिमणरावांचे दोन खंड, मिरासदारांचा एक कथासंग्रह, ‘वनवास’, ‘ऋतुचक्र’, व्यंकटेश माडगूळकरांची ‘माणदेशी माणसं’, आणि मुलांसाठी फास्टर फेणेची चार-पाच पुस्तके. आतल्या रुग्णासाठी वाचून दाखवावयाचे असल्यास मजकूर आधी स्वतः एकदा नजरेखालून घालावा, ‘व्यक्ती आणि वल्ली’तून हरितात्या किंवा सखाराम गटणे निवडावा आणि नंदा प्रधान घरी परतल्यावरच्या दिवसांसाठी राखून ठेवावा, आवाज सावकाश ठेवावा, आणि रुग्णाचा डोळा लागला तर तेथेच खूण घालून थांबावे, दुसऱ्या दिवशी त्याने मागितले तर त्याच पानापासून, आणि नाही मागितले तर पुन्हा पहिल्यापासून.